चाळिशीत परत काँट्रा खेळायचंय? मग हे वाचा

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलेल्यांसाठी आहे हे (काँट्रा म्हणजे त्यातलाच गोळीबाराचा गेम). माळ्यावरून जुना गेम काढलात तर पहिलं म्हणजे कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, आपण सगळ्यांनी मारलीय पण थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात, त्यापेक्षा कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि नीट वाळू द्या.

नवीन टीव्हीला गेमची पिवळी (चित्राची) पिन लागली तर सेटिंगमध्ये गेम मोड ऑन करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ जरा उशिरा उडी मारतो आणि वाटतं आपलंच वय झालं (थोडं झालंयच म्हणा). बदकं मारायची बंदूक मात्र एलसीडीवर चालतच नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो.

काँट्रात ३ लाइफमध्ये आता काही होत नाही, टायटल स्क्रीनवर रिमोटची बटणं या क्रमाने दाबा: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि स्टार्ट, ३० लाइफ मिळतात. लाजू नका. मी पूर्वी असल्यांना चीटर म्हणायचो, आता ऑफिसनंतर अर्धाच तास मिळतो, त्यात ऐंशी तासांचे ओपन वर्ल्ड (मोठ्या नकाशावर हवं तिथे फिरायचे) गेम उघडायचीही इच्छा होत नाही. आणि दुसरा रिमोट शोधून ठेवा, एकट्याने मजा नाही येत.