हायकू जमत नसेल तर शेवटची ओळ आधी लिहा

हायकूच्या तीन ओळींत पाच-सात-पाच अक्षरं जुळवताना गंमत हातची जाते, ही नेहमीची रड. त्यावर उपाय म्हणजे वर्तमानपत्रातल्या तीन चौकटींच्या चित्रपट्टीसारखा हायकू मांडायचा, पण उलट्या क्रमाने.

१. आधी तिसरी चौकट, म्हणजे जिथे हसू फुटतं ती ओळ लिहा.
२. मग दुसरी. ती वाचकाला बरोबर उलट्या दिशेला न्यायला हवी.
३. पहिलीत फक्त जागा किंवा वस्तू. 'आनंद', 'जीवन' असले शब्द नकोत. इंदूरात रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या खाऊबाजारात, उभं राहिलं की पुरेसं सामान मिळतं! उदाहरणार्थ गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद:

हाती गराडू,
डाएट पक्कं माझं –
उद्यापासून.

मोजताना जोडाक्षर एकच धरा: 'पक्कं' दोन अक्षरं, 'उद्यापासून' पाच. अनुस्वार वेगळा मोजू नका. एखादं अक्षर जास्त झालं तर पहिली कात्री 'आहे', 'होतं', 'मी' यांच्यावर. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. तरीही बसत नसेल तर सहा अक्षरं राहू द्या, पण तिसऱ्या ओळीचा ठसका घालवू नका.

घरच्या ग्रुपवर टाकताना मात्र हायकूतलं डाएट स्वतःचंच ठेवा, वहिनींचं नको.