दाताला कॅप बसवायची आहे किंवा बसवलीय? मग हे वाचा

रूट कॅनाल झालं, कॅप बसली, आता त्या दाताकडे बघायची गरज नाही असं बहुतेकांना वाटतं आणि नेमकी तिथंच गडबड होते. कॅपला कीड लागत नाही हे खरंय, पण कॅपच्या आत तुमचाच दात असतो आणि त्याला लागते. लागते कुठं, तर हिरडीजवळ, जिथं कॅपची कड संपते आणि दात सुरू होतो तिथं. वर रूट कॅनालमध्ये नस काढलेली असल्यामुळे आतून दात पोखरत गेला तरी ठणका लागत नाही, काहीच कळत नाही, आणि मग एक दिवस जेवताना कॅप दाताच्या तुकड्यासकट हातात येते. तेव्हा परत बसवायला खाली दातच उरलेला नसतो. हे टाळता येतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी कॅप का लागते ते. दाढेचं रूट कॅनाल करताना कीड साफ करतात आणि नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडतात, त्यामुळे चारी बाजूंच्या भिंती तेवढ्या राहतात. आपण चावतो तेव्हा सगळा जोर त्या भिंतींवर येतो आणि त्या फाकतात, तडा जातो. तडा मुळापर्यंत गेला की दात काढण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून 'दुखायचं थांबलंय ना, कॅप दिवाळीनंतर बघू' हे प्लीज करू नका, रूट कॅनालचा सगळा खर्च आणि त्रास वाया जातो. पुढच्या दातांचं वेगळं असतं, तिथं दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर नुसत्या फिलिंगवरही भागतं, सरसकट कॅप लागतेच असं नाही, डॉक्टरांना विचारा.

कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी घासून बारीक करतात, साधारण १ ते २ मिलिमीटर, आणि घासलेला दात परत येत नाही. त्यामुळे चांगल्या धडधाकट दाताला फक्त दिसायला छान म्हणून कॅप करायची असेल तर दहादा विचार करा.

प्रकार मुख्य तीन-चार. पूर्ण मेटलची कॅप दिसायला चांदीसारखी, पण टिकायला दणकट आणि दातही कमी घासावा लागतो, अगदी मागच्या दाढेला कोणाला दिसत नाही तिथं चांगली. मेटलवर सिरॅमिक चढवलेली कॅप दाताच्या रंगाची असते, तिचं वरचं सिरॅमिक कधीकधी उडतं आणि काही वर्षांनी हिरडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसायला लागते. झिरकोनिया (एक प्रकारचं पक्कं सिरॅमिक) मजबूतही आणि पांढरीही, म्हणून सध्या सगळीकडे तीच चालते. पुढच्या दातांना ई-मॅक्स म्हणून काचेसारखी झाक असलेली कॅप मिळते, ती सगळ्यात नैसर्गिक दिसते. माझं मत विचाराल तर महागाच्या मागे लागण्यापेक्षा कडा नीट जुळलेली कॅप महत्त्वाची, कड उघडी राहिली तर महागडी झिरकोनियासुद्धा दात वाचवू शकत नाही. खोट्या दागिन्यांनी अंगावर रॅश उठत असेल तर आधीच सांगा, काही मेटल कॅपमध्ये निकेल असतं. आणि झिरकोनियाबरोबर वॉरंटी कार्ड मिळतं ते जपून ठेवा, पण ती वॉरंटी कॅपची असते, खालचा दात किडला तर ती कामाची नाही.

दात पांढरे करून घ्यायचे असतील तर कॅपच्या आधी करा, नंतर दातांचा रंग बदलेल पण कॅपचा नाही. कॅपची शेड, म्हणजे रंग, ठरवताना शक्यतो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा.

खर्च झेपत नसेल तर काम अर्धवट सोडू नका. मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज आणि नायर डेंटल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, अशा ठिकाणी खूप कमी पैशात काम होतं. फेऱ्या जास्त माराव्या लागतात, रांगा असतात.

माप दिल्यावर पक्की कॅप येईपर्यंत टेम्पररी कॅप लावतात. ती मुद्दाम कच्च्या सिमेंटने चिकटवलेली असते, म्हणून चिक्की, तिळगूळ, च्युइंगम, चॉकलेट बंद आणि दुसऱ्या बाजूने चावायचं. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) केला तर वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा.

पक्की कॅप बसवतात त्या दिवशी इंजेक्शनमुळे तोंड बधिर असेल तर चावणं नीट बसतंय का कळतच नाही. घरी आल्यावर भूल उतरली आणि तोंड मिटताना तो एकच दात आधी लागतोय, उंच वाटतोय असं झालं तर 'होईल सवय' म्हणून गप्प बसू नका, दोन दिवसात परत जा, रंगीत कागद चावायला देऊन थोडं घासतात की काम झालं. तसंच ठेवलं तर दात दुखायला लागतो नाहीतर सिरॅमिक उडतं. रूट कॅनाल न करता कॅप बसवली असेल, म्हणजे नस जिवंत असेल, तर त्या दाताला थोडे दिवस थंड लागणं चालतं, पण रात्री आपोआप ठणकायला लागलं तर लगेच दाखवा.

आता रोजचं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना, आणि ब्रश तिरका धरून हिरडी आणि कॅपच्या रेषेवर हळू फिरवायचा, सगळा खेळ त्या रेषेचा आहे. तिथून रक्त आलं तर लोक ब्रश लावणंच बंद करतात, उलट तिथं घाण साठलीय म्हणून रक्त येतं, हळू पण नीट घासा, आठवड्यात थांबलं नाही तर दाखवा. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथं फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश, टाचणी आणि काडी नको. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) असेल तर त्याच्या खालून ओवायचा फ्लॉस वेगळा मिळतो. मशेरी आणि राखुंडी पूर्ण बंद करा, हिरड्या खराब होतात, दात झिजतात आणि मशेरी तर जळलेली तंबाखूच आहे. सुपारी, बर्फ, दाताने ऊस सोलणं, मटणाची नळी फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं हे कॅपच्या दाताने नाही. भाकरी, शेंगदाणे बिनधास्त खा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, करून घ्या.

सहा महिन्यांनी दाखवायचं ते दुखत नसलं तरी, कारण वर सांगितलं तसं दुखणारच नाही. मध्येच त्या फटीत रोज अन्न अडकायला लागलं, फ्लॉस तिथं अडकून फाटायला लागला, घाण वास किंवा चव आली, कॅप किंचित हलतेय वाटली तर सहा महिने थांबू नका. सांभाळली तर कॅप १०-१५ वर्षं आरामात जाते.

आणि निघालीच तर घाबरू नका. छोट्या डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळली की कचऱ्यात जाते. फेविक्विक लावून घरी चिकटवू नका, हिरडी भाजते आणि कॅप चुकीची बसली की परत वापरता येत नाही. त्या बाजूने चावू नका, दात स्वच्छ ठेवा आणि एक-दोन दिवसात डॉक्टरकडे जा, उशीर झाला तर शेजारचे दात सरकून तीच कॅप बसेनाशी होते. गिळली गेली तर बहुतेक वेळा पोटातून निघून जाते, पण ठसका लागला, खोकला थांबेना किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ हॉस्पिटल गाठा, ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते.