माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा कसा जागवावा

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक काढला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन तोच ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने भारतात आणला. तुमच्या माळ्यावर तो असेल, किंवा नाशिकला बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर हाती लागला, तर लगेच प्लगला लावू नका.

आधी कॅसेटी, कारण याचे प्रोग्रॅम साध्या टेपच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले असतात. मशीनचे बरेच सुटे भाग आजही मिळतात. पण तेव्हाच्या एखाद्या मुलाने टाइप केलेला प्रोग्रॅम त्या एकाच कॅसेटवर असतो, म्हणून माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. आपल्याकडच्या पावसाळ्याने फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट वाजवू नका, ती बुरशी टेपच्या हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. स्वच्छ कॅसेटी मात्र आजच लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. फाइल वेव्ह ठेवा, एमपीथ्री नको. आवाज दबका येत असेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवा. किरकिर लख्ख झाली की थांबा.

मग वीज. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, आणि पिनच्या आत ऋण, बाहेर धन. हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात. मी दुकानदाराच्या शब्दावर एक जोडला आणि चांगलं मशीन गमावलं, त्याची हळहळ अजून आहे. मल्टिमीटरने स्वतः मोजा. मशीन चालू केल्यावर खालच्या मेमरीच्या आठ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तिन्ही व्होल्ट मिळतात का ते पाहा. उणे ५ गायब असेल तर चिप्स तापून मरतात, तेव्हा लगेच बंद करा. कीबोर्डची पापुद्र्यासारखी पट्टी वयाने ठिसूळ झालेली असते. झाकण उघडताना ओढू नका. तुटलीच तर नवी मिळते.

चित्रासाठी जुना टीव्ही नसला तरी चालतं. आतल्या मॉड्युलेटरला (चित्राचा सिग्नल जुन्या टीव्हीच्या अँटेनासाठी बदलणाऱ्या डबीला) वळसा घालून मूळ चित्राचा, म्हणजे कंपोझिट, सिग्नल बाहेर काढला की पिवळी पिन असलेल्या कुठल्याही टीव्हीवर चित्र येतं.

आता माणसं. एकट्याने जागवलेलं मशीन वर्षभरात पुन्हा माळ्यावर जातं, हे मी पाहिलंय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले कितीतरी काका-मावशी आजही सोल्डरिंगचा डाग देताना हात हलू देत नाहीत. त्यांना मानाने बोलवा आणि शेजारी कॉलेजची दोन मुलं बसवा. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी लॅपटॉपवर फ्यूज एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्यावा. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने मूळ रॉम (मशीनच्या आतला कायमचा प्रोग्रॅम) एम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिलेली आहे.

पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर एक खेळ लोड करा. रेकॉर्ड केलेली फाइल मोबाइलवरून वायरने मशीनच्या ‘इअर’ लिहिलेल्या भोकात सोडा, आवाज जवळजवळ पूर्ण. पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरू लागतात. मोठा खेळ यायला पाचेक मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात खोलीत कुणी बोलत नाही.

मग मराठी लिहा. स्पेक्ट्रममध्ये स्वतः काढलेल्या २१ अक्षरांना जागा आहे. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं, म्हणजे ओळीला एक असे आठ आकडे. ‘न’ असा: २५५, ४, ४, २५२, १९६, ४, ४, ०. पहिला २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती शिरोरेखा. तिला एकही ठिपका कमी करू नका, म्हणजे शेजारच्या अक्षराची रेघ आपोआप जुळते आणि ‘नाशिक’ सलग दिसतं.

मात्र २१ जागांत सगळी मुळाक्षरंच मावत नाहीत, काने-वेलांट्या तर लांबच. म्हणून कोणती अक्षरं घ्यायची आणि कुठलं कुठल्या कळीवर बसवायचं, हे गटाने एकदाच ठरवून तो संच प्रत्येकाच्या कॅसेटच्या सुरुवातीला भरावा. नाहीतर पंचवटीत लिहिलेला प्रोग्रॅम नाशिकरोडच्या मशीनवर भलतीच अक्षरं दाखवेल.