कार्बोरेटर खोलण्याआधी: जुन्या मसल कारवाल्यांनो, या चुका टाळा

बर्फ वितळला की इथे ओहायोत गॅरेजची दारं उघडतात आणि हिवाळाभर झोपलेल्या शेवेल, कमारो, जीटीओ अशा दांडग्या इंजिनच्या जुन्या अमेरिकी मसल कार बाहेर निघतात. काही गाड्या मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी उठत नाहीत. मग मालक पाने काढतो आणि थेट कार्बोरेटर खोलतो.

पहिली चूक हीच. मीही केली आहे. गाडी मिसिंग करत होती म्हणून दोन रविवार घालवून कार्बोरेटर धुतला, नवं किट टाकलं. दुखणं निघालं इग्निशनच्या कंडेन्सरचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आधी स्पार्क प्लग, पॉइंट, टायमिंग बघा. शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) व्ही-८ला ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ३० अंशांच्या आसपास लागतो. मग इनटेकच्या गॅस्केटवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडलिंग बदललं, तर इंजिन तिथून हवा ओढतंय. यासाठी बरेच जण कार्ब क्लीनर उडवतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो भडकतो, तेव्हा नकोच.

एवढं करूनही संशय कार्बोरेटरवरच असेल, तर तो कुठला आहे ते पाहा. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) त्या काळच्या गाड्यांवर बहुतेक रोचेस्टर क्वाड्राजेट सापडतो. तो १९६५ साली आला आणि १९६७मध्ये जीटीओच्या तीन कार्बोरेटरांची जागाही त्यानेच घेतली. त्याची दोन दुखणी ठरलेली. एक, पेट्रोलच्या वाटीच्या तळाशी बसवलेले बुचासारखे प्लग झिरपतात. गाडी दोन दिवस उभी राहिली की वाटी रिकामी, म्हणून सकाळी सेल्फ खात बसते. आजकालचं पेट्रोल लवकर उडून जातं, त्यानेही हेच होतं, त्यामुळे लगेच एपॉक्सी थापू नका. खालचा थ्रॉटलचा भाग सोडवून, नुसती वाटी पेट्रोलने भरून कागदावर ठेवा. घराबाहेर, विस्तवापासून लांब. कागद ओला झाला तर प्लग दोषी.

दुसरं दुखणं फ्लोटचं, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याचं. तो फोमसारख्या पदार्थाचा असतो. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, बुडतो, आणि गाडी ओव्हरफ्लो होऊन काळा धूर ओकते. लोक वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल बदलत बसतात, पण फ्लोट जुनाच राहतो. किट घेताना नवा फ्लोटही घ्या.

मिक्श्चरचे स्क्रू ‘टाइट’ करण्याची हौसही आवरा. जोर लावला की स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला खाच पडते. हलक्या हाताने तळाला टेकवून दीड ते दोन फेरे उलटे फिरवा. इंजिन पुरतं तापलेलं आणि चोक पूर्ण उघडा हवा. मग व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही स्क्रू पाव-पाव फेऱ्याने असे हलवा, की काटा जास्तीत जास्त वर जाईल.

पेट्रोल आत येतं तिथली मोठी नट सोडवताना दोन पाने वापरा, एकाने नट धरायची, दुसऱ्याने पाइप. त्या मऊ धातूचे आटे गेले की अख्खी बॉडी निकामी होण्याची वेळ येते.

मोठा कार्बोरेटर लावला की गाडी पळते, हा समज तर फारच चिवट. ३५० घनइंची इंजिन ५५०० आरपीएमला हिशोबाने मिनिटाला फार तर ५५७ घनफूट हवा घेतं. त्यावर मिनिटाला ७५० घनफुटांचा डबल पंपर (ज्याची मागची तोंडं थेट पेडलने उघडतात असा कार्बोरेटर) बसवला की खालच्या वेगात गचके देतो. मग ७५०चाच क्वाड्राजेट त्याच इंजिनवर गुण्यागोविंदाने कसा नांदतो? कारण त्याच्या मागच्या तोंडांवरची हवेची झडप इंजिन ओढेल तेवढीच उघडते. तिची स्प्रिंग ढिली पडली की पूर्ण रेस दिल्यावर गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी थांबते, आणि लोक उत्तम कार्बोरेटर भंगारात टाकतात. लॉकचा स्क्रू सोडताना स्प्रिंगचा स्क्रू घट्ट धरून ठेवा, नाहीतर ती सुटून उलगडते. स्प्रिंग टेकली की सुमारे अर्धा ते पाऊण फेरा ताण द्या, लॉक लावा आणि गाडी रस्त्यावर काढून बघा.