टेट्रामर फिका दिसला म्हणजे ॲफिनिटी कमी? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात फ्लो सायटोमेट्रीचे (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजायच्या तंत्राचे) आलेख घेऊन पोरं माझ्याकडे जळगावला येतात. धुळ्याची, शहाद्याची, भुसावळची. कष्टाळू आहेत, पण चूक दरवर्षी तीच. टेट्रामर (ठरावीक टी-पेशींना चिकटणारा चमकता रेणू) फिका दिसला की लगेच, "सर, जुनाट संसर्गात टीसीआरची ॲफिनिटी कमी होते."

टीसीआर म्हणजे टी-पेशीवरचा ओळखणारा रिसेप्टर. ॲफिनिटी म्हणजे एका टीसीआरची एका पेप्टाइड-एमएचसीवरची (एमएचसी रेणूने धरून दाखवलेल्या प्रथिनाच्या तुकड्यावरची) पकड. ती बहुधा 1 ते 100 मायक्रोमोलरच्या घरात असते, म्हणजे सैलच. टेट्रामरमध्ये चार एमएचसी एकत्र बांधलेले असतात, म्हणून तो टिकून राहतो. आणि तो किती उजळ दिसेल, हे पेशीवर टीसीआर किती आहेत यावरही ठरतं.

शहाद्याची एक मुलगी बाहेर इंटर्नशिप करून उंदरांमधल्या एलसीएमव्ही या विषाणूचा डेटा घेऊन आली होती. आर्मस्ट्राँग स्ट्रेन आठवडाभरात साफ होतो, क्लोन 13 महिनोन्महिने ठाण मांडतो. क्लोन 13 च्या उंदरांत जीपी33 (याच विषाणूचं एक पेप्टाइड) टेट्रामरची चमक निम्म्यावर आलेली. पोस्टरचं शीर्षकही ठरलं होतं. मी म्हटलं, "सीडी3 चा कॉलम उघड बेटा." सीडी3 हे प्रथिन टीसीआरसोबतच पेशीवर असतं. त्याचा आकडाही जवळजवळ तितकाच उतरलेला! अँटीजेन (विषाणूचा ओळखायचा तुकडा) सतत भेटत राहिलं की पेशी टीसीआर आत ओढून घेते. टेट्रामरला सीडी3 ने भागल्यावर फरक उरलाच नाही. ती रडवेली झाली. तिची मेहनत खरी होती, निष्कर्षाची घाई नडली.

तेव्हापासून माझ्याकडे सीडी3 शिवाय एकही नळी मशीनवर चढत नाही. टेट्रामरच्या आधी 50 नॅनोमोलर डासाटिनिब हे औषध, 37 अंशांवर 30 मिनिटं. त्याने टीसीआर आत जायचे थांबतात. मग टेट्रामर, आणि अँटीबॉडी त्यानंतरच. सीडी8 च्या (मारक टी-पेशींवरच्या प्रथिनाच्या) काही अँटीबॉडी टेट्रामरची वाट अडवतात. "सगळं एकदम टाकू, वेळ वाचेल" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. अर्ध्या तासासाठी महिन्याचं काम मातीत घालायचं का?

टेट्रामर लागला नाही म्हणजे पेशी नाहीतच, असंही लिहू नका. सैल पकडीच्या पेशी त्यातून निसटतात.

पेप्टाइड टायट्रेशनमध्ये (पेप्टाइडचं प्रमाण पायरीपायरीने बदलून प्रतिसाद मोजताना) जुनाट संसर्गात थकलेल्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा इशारा-रेणू कमीच देतात. प्रत्येक वक्र त्याच्याच कमाल पातळीला 100 धरून काढा, मग ईसी50 (निम्म्या प्रतिसादाला लागणारं पेप्टाइडचं प्रमाण) बघा.

माणसाचं रक्त असेल तर मे महिन्याच्या धास्तीने नळ्या बर्फात खुपसू नका. पेशी वेगळ्या करायच्या रक्ताला खोलीचं तापमान मानवतं, पण आपल्याकडची 45 अंशांची दुपार नव्हे. मी सकाळी सातच्या आत रक्त घेतो. मेलेल्या पेशींना टेट्रामर उगाच चिकटतो, म्हणून मेलेल्या पेशी ओळखून देणारा लाइव्ह-डेड डाय हवाच.

आणि टेट्रामर गोठवू नका. 4 अंशांवर, अंधारात ठेवा. आमच्याकडे लाइट जाते, म्हणून तो फ्रिज मी इन्व्हर्टरवर घेतलाय.