तपासणीला निघण्याआधी: तारीख, लघवी आणि केसपेपर

असुरक्षित शरीरसंबंधानंतर लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यायला निघताय? सगळ्यात आधी तो संबंध आला ती तारीख लिहून काढा, शक्य तर वेळही. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि पुढचं गणित यावरच चालतं. 72 तास उलटले नसतील तर हा लेख नंतर वाचा; आधी एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) किंवा एचआयव्हीवर उपचार करणारे डॉक्टर गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या पेप गोळ्या त्या मुदतीतच सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचंही तेव्हाच बघा.

तारखेखाली लक्षणं लिहा: काय होतंय आणि कधीपासून. परमा, म्हणजे गोनोरिया, पुरुषांत बहुधा आठवडाभरात पू आणि लघवीची जळजळ दाखवतो. सिफिलिसची जखम साधारण तीन आठवड्यांनी येते आणि बहुतेकदा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. क्लॅमिडिया तर बऱ्याच जणांत काहीच दाखवत नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी अंगाला खाज सुटली तर ती आजाराची नाही, बहुतेक मनातल्या धास्तीची. शिश्नाच्या टोकाच्या कडेला ओळीने बारीक मोत्यासारखे दाणे असतात, तेही अनेकांना आधीपासूनच असतात आणि तो आजार नाही. फक्त इतक्या निरखून कधी बघितलेले नसतात. तासातासाला दाबून, पिळून बघू नका. त्यानेच जळजळ सुरू होते आणि मग ती नवं लक्षण म्हणून वहीत चढते.

केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. अर्धवट डोसाने पू थांबतो, तपासणीत जंतू सापडत नाहीत, आजार मात्र आत राहतो. चट्ट्यावर घरात पडलेली स्टिरॉइडची ट्यूबही नको. आणि लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असं चिकटवलेलं असतं ना, तिकडे तर फिरकूच नका. आधीच काही घेतलं असेल तर रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना ‘स्किन-व्हीडी’ (त्वचा आणि गुप्तरोग विभाग) एवढंच म्हणा. खिडकीवरच्या माणसाला रोजचं आहे. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, मोफत होतं. 2017च्या एचआयव्ही कायद्याने तिथे तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही सांभाळावी लागते. फोनवर काही विचारायचंच असेल तर 1097 हा एचआयव्ही-एड्सचा टोल-फ्री नंबर आहे.

नमुना देण्यापूर्वी तासभर तरी लघवी करू नका, कारण क्लॅमिडिया-गोनोरियासाठी लघवीची पहिली धारच हवी असते. स्राव असेल तर धुऊन-पुसून जाऊ नका. बायकांनी योनीत पाणी मारणं, क्रीम लावणं टाळावं आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी. तोंडाने किंवा गुदमार्गे संबंध आला असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर नमुना भलत्याच जागचा घेतला जातो. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हे घरी विचारून ठेवा; कारण सांगायची गरज नाही.

आजचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पुढची तारीख विचारूनच बाहेर पडा. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची एचआयव्ही टेस्ट 45 दिवसांनी भरवशाची धरतात, साधी अँटिबॉडी टेस्ट 90 दिवसांनी. त्या तारखेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मध्ये नवा धोका घडला नसेल, तर तिसऱ्या लॅबचा दरवाजा ठोठावू नका. ती तारीख येईपर्यंत निरोध वापरा. आणि काही निघालंच, तर जोडीदारालाही औषध लागेल. ते कसं सांगायचं हे समुपदेशकाला त्याच बैठकीत विचारून घ्या.