नवं कार्ड बसवलं तरी गेम अडकतोय? दुकान गाठण्याआधीची तयारी

चवथीच्या सुट्टीत पोरं पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवतात, गेम तरीही अडकत चालतो, आणि मग लगेच म्हापसा नाहीतर मडगाव गाठून आणखी काहीतरी विकत घ्यायची घाई होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मोजा. कमी बजेटमध्ये एक पार्ट चुकीचा आला की पुढचे कित्येक महिने हात बांधलेले राहतात.

फुलीचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब आणि कागद-पेन जवळ घेऊन बसा. मदरबोर्डचं मॅन्युअल मोबाइलवर उतरवून ठेवा, पीसीत एचडब्ल्यूइन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर ही तापमान-वापराचे आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर टाकून ठेवा. पावसात विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे यूपीएस नसेल तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात पीसीच्या मागच्या बाजूने करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्येच राहिली असेल तर चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून येतं आणि महागाचं कार्ड बसून राहतं. केबल कार्डलाच हवी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) असेल तर विंडोजने तो ६० वर ठेवलाय का, तेही बघा. जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्याचे ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुने ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) साफ करून नवे टाका.

आता मोजणी, आणि इथे घाई करू नका. गेममधला एकच प्रसंग, त्याच सेटिंगवर, दहा मिनिटं खेळा आणि आफ्टरबर्नरचे आकडे स्क्रीनवर ठेवा. कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय, सेटिंग उतरवा. तो ५०-६० वर घुटमळत असेल आणि फ्रेमवर (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांवर) मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण बहुतेक प्रोसेसरची किंवा रॅमची. टास्क मॅनेजरमधला एकूण आकडा फसवतो: चार कोअरच्या साध्या प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरला तरी तिथे २५ टक्केच दिसतात. म्हणून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा उघडून बघा. कार्डची ४ जीबी मेमरी काठोकाठ भरत असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, अचानक बसणारे झटके बरेच कमी होतात.

रॅमची एकच काडी असेल तर दुसरी जोडा, कारण दोन काड्यांनी मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. चार स्लॉटच्या बोर्डात त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. ३२०० ची रॅम एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद असल्यामुळे २१३३ किंवा २४०० वरच चालताना खूपदा सापडते. बायोसमध्ये तो चालू करायला पैसा लागत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याला निम्मीच वाट मिळते. इंटेलचं आर्क कार्ड घेतलं असेल तर बायोसमधला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू हवाच.

मोरजी-मांद्र्याकडच्या घरांत खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडतात. पीसी बंद करून, प्लग काढून त्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि कण ब्रशने झाडून टाका. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरच्या चारही पिना बोटाने दाबून तपासा. एक जरी वर आली असेल तर प्रोसेसर काही मिनिटांत १०० अंशांकडे जातो आणि स्वतःचा वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फोत थर्मल थ्रॉटलिंगसमोर (उष्णतेमुळे वेग कमी होणं) ‘येस’ दिसलं की प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदला. कॅबिनेटचं झाकण काढल्यावर तापमान चांगलंच उतरलं, तर हवा खेळत नाहीये, टेबलाच्या कप्प्यातून पीसी बाहेर काढा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर बिल, मूळ खोका आणि आकड्यांचा कागद घेऊन दुकानात जा, आणि तेच कार्ड त्यांच्या पीसीत लावून तोच गेम चालवून दाखवायला सांगा.